उद्योगाची गरज

"घरात पाय ठेवूक जागा नाय, आणि ती खोली मात्र गाभाऱ्यासारी बंद!"

प्रेमलता पुटपुटली. पुटपुटली म्हणजे तिच्या मते. मी वीतभर अंतरावर बसले होते आणि माझे कान अजून शाबूत आहेत! जामसंड्यातल्या आमच्या पडवीत आम्ही दोघी आंबे निवडत होतो. एप्रिल म्हणजे आमच्या घरात आंब्यांनी माणसांना भाड्याने ठेवल्यासारखी स्थिती. पलंगाखाली पेंढा पसरून आंबे, देव्हाऱ्यासमोर पेंढा पसरून आंबे. रिकामी फक्त एक खोली, माझ्या लेकीची. तन्वीची.

मी ऐकलं नाही असं दाखवलं. कारण त्या दिवशी मी साधीसुधी बाई नव्हते. मी उद्योग होते!

हसू नका. पत्रात तसं छापलं होतं. आंब्याची प्रतवारी करून पेट्या भरण्याच्या कामाला राष्ट्रीय मानक ठरत होतं. हे काम देशभर कसं शिकवायचं, ते दिल्लीतली एक समिती लिहिणार होती आणि उद्योगाला काय हवं ते उद्योगानेच तिला सांगायचं होतं. आता हा उद्योग म्हणजे मी, प्रेमलता आणि एक वजनकाटा. पण पत्र ते पत्र!

"प्रेमलता, आंब्याला हात कसा लावायचा, ते यापुढे देशाला मी सांगणार!"

"आधी हातातलो आंबो बाजूक ठेवा वयनी. साको आसा त्यात."

कापून पाहिला. वरून सोन्यासारखा, आत पांढरट गाठ. साकाच! ही बाई एकोणीस हंगाम माझ्याकडे आहे, पण आंब्याच्या पोटातलं तिला बाहेरून कसं कळतं ते मला अजून उमगलेलं नाही. पत्रासोबतच्या फॉर्मात मी लिहिलं, 'हाताला कळते.'

तेवढं पान मोबाइलवरून धाडलं, तर दुसऱ्या दिवशी समितीच्या रश्मी मॅडमचा फोन. मूळच्या नागपूरच्या, त्यामुळे मराठीत बोलणं झालं.

"हाताला कळते, पण किती सेकंदांत?"

मी प्रेमलताला विचारलं. ती म्हणाली, "मध्ये चाय नाय इली तर लगेच."

"तीन सेकंद," मी ठोकून दिलं. "उद्योगाची गरज आहे."

"मग ठीक," मॅडम म्हणाल्या. "उद्योगाची गरज असली की आम्ही अडवत नाही."

अरे वा! एवढे दोन शब्द म्हटले की दिल्ली अडवत नाही? इथे तर एसटीचा कंडक्टर सुट्ट्या पैशांवरून अडवतो!

आणि तिथेच माझी बुद्धी फिरली. पुढचा रकाना होता 'प्रशिक्षकाची पात्रता'. स्थानिक प्रशिक्षक मिळाला तर पहिलं केंद्र आमच्याच शेडमध्ये मंजूर होणार होतं. पक्की नोकरी, आणि तीही घराच्या मागच्या दारी! तन्वी पुण्यात एका खाद्यपदार्थांच्या कंपनीच्या प्रयोगशाळेत आहे. सहा वर्षं झाली. येते, चार दिवस राहते, जाते. गेली की तिची चादर मी आठवडाभर बदलत नाही.

मी लिहिलं: सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी. वय अठ्ठावीस. पुण्यातील प्रयोगशाळेचा अनुभव. मालवणी येणे आवश्यक. सोलकढी दोनदा मागून पिणाऱ्या उमेदवारास प्राधान्य.

शेवटची ओळ खोडणार होते. राहून गेली. खरं सांगू? राहू दिली.

फॉर्म मग इतर दोन उद्योगांकडे गेला. कुणकेश्वरचे परशुरामदाजी, मोठे बागायतदार, आणि मालवणातून आंबा बाहेर पाठवणारे बाबलीशेट. दाजींनी एकच ओळ वाढवली: 'मालवाहू जहाजावर पाच वर्षे नोकरी व उत्तम पोहता येणे.'

मी फोन केला. "दाजी, आंबे काय पोहत पोहत मुंबईला न्यायचे आहेत?"

"उद्योगाची गरज आसा," दाजी गंभीरपणे म्हणाले. त्यांचा मुलगा गुरुप्रसाद जहाजावर आहे, हे मला ठाऊक होतं. मला ठाऊक आहे, हे दाजींना ठाऊक होतं. दोघंही हवामानावर बोललो आणि फोन ठेवला.

बाबलीशेटांनी घातलं, 'मस्कतच्या हॉटेलात पाव भाजण्याचा अनुभव.' त्यांचा समर्थ तिथे भट्टीवर असतो.

"शेट, पाव कित्याक?"

"आंब्याचो केक नाय करणत लोक?"



शेवटच्या बैठकीचा दिवस आला. बैठक मोबाइलवर, सगळे आपापल्या चौकटीत. मला ते जोडता येईना, तेव्हा तन्वीने पुण्याहून जोडून दिलं. कॅमेरा बंद करून म्हणाली, "काही अडलं तर मी आहे मागे." आणि मी उद्योगाच्या तोऱ्यात ती आहे हेच साफ विसरले! मोबाइल पेटीला टेकवलेला, शेजारी प्रेमलता आंबे पुसतेय.

रश्मी मॅडमनी पात्रता मोठ्याने वाचली. एकेक ओळ! पदवी, वय, पुण्याची प्रयोगशाळा, पाच वर्षं जहाज, पोहणं, मस्कतचा पाव. सोलकढीशी आल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला.

"उद्योगाच्या गरजेचा आम्ही आदरच करतो. पण केंद्र मंजूर करायचं तर निदान एक तरी माणूस दाखवावा लागेल. असं कोणी आहे तुमच्याकडे?"

दाजींच्या मागे कुणकेश्वरचा समुद्र तेवढा ऐकू येत होता.

"आसा तसो," दाजी म्हणाले, "पण तो चतुर्थीक येतलो."

"कोणत्या वर्षीच्या?"



"आमचो करार संपलो काय येतलो," बाबलीशेट म्हणाले. "म्हणजे, वाढवल्यान नाय तर."

"आणि तुमच्याकडे ताई?"

"आहे ना! एक मुलगी आहे," मी म्हटलं. "अगदी तंतोतंत. तिची खोलीसुद्धा तयार आहे. झाडून, पुसून. फक्त ती..."

एका काळ्या चौकटीत उजेड झाला. तन्वी! पांढऱ्या कोटात, डोळे लाल. दाजींनी उगाच टोपी नीट केली. मी मोबाइल पालथा घालायला हात पुढे केला, तर प्रेमलताने माझं मनगट धरलं.

"मॅडम, एक मिनिट," तन्वी शुद्ध मराठीत म्हणाली. मग तिचं शुद्ध मराठी संपलं.

"आये, मी परत येवचंय नाय गो. चतुर्थीक येयन, तुका बघूक येयन. पण रवाक नाय. तू माझ्या खोलीत आंबे ठेव."

दाजी खाली बघत होते, बाबलीशेट वर. मॅडमचं पेन कागदावर टेकलेलं, पण हलत नव्हतं.

प्रेमलताने हातातला आंबा पुसून हळूच बाजूला ठेवला आणि माझ्या कानाशी आली. या वेळी मात्र खरोखर पुटपुटली.

"वयनी, पेंढो हाडू?"