कमरेची श्रीमंती

मंडळी, पैसे कसे द्यायचे हे मला कोणी शिकवू नये! आयुष्यभर मी लोकांच्या न्हाणीघरांत फरश्या बसवल्या आणि नोटा हातात पडल्याशिवाय कोपऱ्यातली शेवटची फरशी कधी ठोकली नाही. नोट डोळ्यांना दिसते, बोटांना लागते, खिशात गेली की छातीला ऊब देते. कार्डाचं काय? नुसतं टुंई!

जर्मनीतल्या आमच्या डोंगरातल्या गावात हा वाद कधी निघालाच नाही. 'सोनेरी बोकड' या आमच्या खानावळीत कोणी परगावच्या पाहुण्याने कार्ड पुढे केलं, की मालकीण वाल्बुर्गा त्याच्याकडे असं बघते, जणू त्याने बिअरच्या बदल्यात वाचनालयाचा पास दिलाय. मग एक अक्षर न बोलता ती भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवते : फक्त रोख. त्या पाटीशेजारी खिळ्याला एक जुना अकॉर्डियन टांगलेला आहे. तो मी वाजवतो. म्हणजे दोन ग्लास पोटात गेले की वाजवतो. त्या वेळी बरेच लोक उठून बाहेर जातात. माझ्या सुरांनी त्यांना भरून येत असावं.

तर त्याच खानावळीत, आमच्या ठरलेल्या टेबलावर मूठ आपटून मी जाहीर केलं, "लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला मी इर्मट्राउडला स्वीडनला नेतोय! बेटावर! दीपगृहाखाली बसवून कॉफी पाजणार!"

या बेटामागे इतिहास आहे. मधुचंद्राला आम्ही तिथेच निघालो होतो, पण धक्क्यावरच्या तिकीटवाल्याने मला एक नाणं कमी परत दिलं. मी ते मागितलं. तो नाही म्हणाला. मी पुन्हा मागितलं. आमचं हे चालू असताना बोट निघून गेली! चूक उघड उघड तिकीटवाल्याची, पण इर्मट्राउड चाळीस वर्षं ती माझ्या नावावर सांगते. बटाट्याची कोशिंबीर खारट झाली तरी गाडी शेवटी त्या बेटावरच येते.

"न्या, जरूर न्या," माझा मेव्हणा ऑटमार म्हणाला. हा इर्मट्राउडचा धाकटा भाऊ, टपालखात्यातून निवृत्त झालेला. "पण भावोजी, कार्ड घेऊन जा. तिकडे रोकड चालत नाही."

"रोकड चालत नाही? मग काय चालतं? बटाटे?"

"हसा, हसा! मागच्या उन्हाळ्यात मी गेलो होतो. भिकाऱ्याकडेसुद्धा यंत्र होतं."

"ऑटमार, जन्मभर तिकिटं चाटून चाटून तुझ्या डोक्यात डिंक गेलाय! ऐका सगळे! कार्डाला हात न लावता मी जाऊन येणार, आणि आलो की या टेबलाला मीच पाजणार. रोख! आणि कार्ड वापरलं, तर हिवाळाभर याच्या दारातलं बर्फ मी उपसणार!"

ऑटमार एवढा हसला की त्याच्या मिशीला लागलेला फेस माझ्या चष्म्यावर उडाला.

घरी आल्यावर मी इर्मट्राउडचं कार्ड मागून घेतलं आणि डावांच्या खणात, सुपाच्या मोठ्या डावाखाली ठेवून दिलं.

"गेबहार्ड, असू दे की माझ्याजवळ," ती म्हणाली. "मला त्या बेटावर जायचंय. तुझ्या पैजेचं मला काही नाही."

"विश्वास ठेव!"

"मागच्या वेळी ठेवला होता."

प्रवासाचे आणि हॉटेलचे पैसे आमच्या मुलीने आधीच भरले होते, सकाळच्या न्याहारीसकट. वरखर्चासाठी मी घरात होते नव्हते तेवढे युरो बँकेत नेले आणि सगळ्यांचे स्वीडनचे क्रोनर करून मागितले. बँकेतल्या पोराने तीनदा विचारलं, "सगळ्यांचे?" सगळ्यांचे! ते क्रोनर मी शर्टाच्या आत कमरेला बांधायच्या पट्ट्यात भरले. पट्टा एवढा फुगला, की बुटाचे बंद बांधायला मला खाली वाकता येईना. इर्मट्राउड बंद बांधायची आणि मी वरून तिला सूचना द्यायचो. गाडीतल्या एका बाईने तर उठून मला जागा दिली आणि हळूच विचारलं, "कितवा महिना?"

वाढदिवसाच्या सकाळी आम्ही त्या बंदरावर पोचलो. आभाळ स्वच्छ, पाणी निळं आणि बेटावरचं दीपगृह काडीएवढं दिसत होतं. बोट दुपारची, दिवसातून एकच. हाताशी वेळ होता, म्हणून मी ऐटीत टपरीवर दोन कॉफ्या मागितल्या आणि नोट पुढे केली.

"रोकड घेत नाही, आजोबा," टपरीवरची मुलगी म्हणाली.

मला वाटलं, नोट मोठी झाली. मी लहान काढली. तिने मान हलवली. मी त्याहून लहान काढली. आता तिच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं.

"म्हणजे ही नोट खोटी आहे का?"

"नाही हो, खरी आहे. पण मी ठेवू कुठे? गल्लाच नाही."

तेवढ्यात इर्मट्राउड माझी बाही ओढत म्हणाली, "कॉफी राहू दे. मला आधी जाऊन यायचंय." ती कुठे जायचं म्हणत होती ते मला कळलं. धक्क्यावरच होतं. चकचकीत दार, दाराला कार्डाचं यंत्र. नाण्यासाठी फट शोधत मी त्या दाराला वरपासून खालपर्यंत हात लावून पाहिलं. फरशीवाल्याचे हात आहेत, केसाएवढी भेग सापडते. फट नव्हती!

"लवकर कर," इर्मट्राउड म्हणाली. तिने पायाची अढी घातली होती.

आता मंडळी, अडचणीत माणूस काय करतो? माणसाकडेच जातो. मी नोट धरून येणाऱ्याजाणाऱ्याला गाठायला लागलो, "ओ ताई! ही नोट घ्या आणि तुमचं कार्ड त्या दाराला लावा! ओ दादा! अहो, पळता काय? पैसे देतोय, मागत नाहीये!" दराच्या दसपट द्यायला मी तयार होतो आणि लोक माझ्यापासून असे बाजूला होत होते, जणू माझ्या हातात जिवंत खेकडा आहे. एकजण थांबला. नोट उलटसुलट करून म्हणाला, "अरे वा, आता अशी असते होय?" आणि परत देऊन गेला.

कोणीतरी तक्रार केली असावी. बंदरावरचा पहारेकरी आला. योरान त्याचं नाव, उंची दीपगृहाएवढी.

"लोकांची कार्डं का मागताय तुम्ही?"

"मी भामटा नाही हो! माझ्याकडे भरपूर पैसे आहेत! हे बघा!" आणि खरेपणा सिद्ध करायला मी भर बंदरावर शर्ट वर केला.

आजूबाजूच्या बायकांनी पोरांचे डोळे झाकले. एका म्हाताऱ्याने स्वतःचेच झाकले.

"शर्ट खाली! आधी शर्ट खाली घ्या!" योरान ओरडला.

"अहो, पट्टा बघा, पट्टा! आत नोटा आहेत!"

"साहेब," इर्मट्राउड मध्ये पडली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "याला धरून न्यायचं तर न्या. पण आधी ते दार उघडा."

त्या भल्या माणसाने स्वतःचं कार्ड लावलं. टुंई! त्या आवाजाचा मला तेव्हा फारसा राग आला नाही, हे खरं.

"बोटीचं तिकीटही कार्डानेच मिळतं," योरान मला म्हणाला. "दोघांचं काढून दिलं असतं, पण पगार व्हायचाय. त्या समोरच्या बँकेत विचारून बघा."

बँक! मला आधी कसं सुचलं नाही? धावत गेलो. आत गालिचा, फुलझाडं आणि हसरी बाई.

"हे पैसे घ्या आणि मला काहीतरी टुंई वाजणारं द्या!"

"माफ करा, या शाखेत आम्ही पैसे हाताळत नाही."

"बँकेत?"

"बँकेत."

"मग हाताळता काय?"

"सल्ला देतो," ती म्हणाली आणि तिने मला सल्ला दिला : कार्ड घ्या.

बाहेर आलो तर इर्मट्राउड धक्क्याच्या कठड्याला टेकून उभी होती. बोट लागली होती. माणसं यंत्राला कार्ड लावत चढत होती. तिने मला विचारलंसुद्धा नाही, नुसती त्या दीपगृहाकडे बघत राहिली. मंडळी, ती ओरडली असती तर बरं झालं असतं! माझ्या कमरेला एवढा पैसा होता की बोटीची एक खिडकी विकत आली असती, आणि माझ्या बायकोला त्या बोटीत पाय ठेवता येत नव्हता. तोच माणूस, तोच धक्का, तीच बोट! मला पहिल्यांदाच तो पट्टा जड वाटला.

कठड्याच्या टोकाशी टोरवाल्ड नावाचा एक म्हातारा अकॉर्डियन वाजवत बसला होता. शेजारी त्याचा कुत्रा आणि कुत्र्याच्या गळ्यात पैसे घ्यायचं यंत्र! ऑटमार खोटं बोलला नव्हता.

मी म्हणालो, "टोरवाल्डराव, ही सगळी नोटांची थप्पी घ्या आणि आम्हाला दोन तिकिटं काढून द्या."

"नोटा? त्या खपवायला मला तुमच्याबरोबर जर्मनीला यावं लागेल!" तो हसला. मग माझ्या ठेका धरलेल्या बोटांकडे बघून म्हणाला, "वाजवता का? मला हेरिंग माशाचा पाव खायला जायचंय. मी येईपर्यंत कुत्र्याच्या गळ्यात जे जमेल त्यातून तुमची तिकिटं."

देव पावला! मी अकॉर्डियनचे पट्टे खांद्यावर चढवले, डोळे मिटले आणि आमच्याकडची पोल्का नाचाची धून सोडली. कमरेच्या नोटांमुळे भाता पुरा मिटेना, त्यामुळे प्रत्येक सूर म्हशीने उसासा टाकावा तसा निघत होता. पण भावना होती! डोळे उघडले तर माझ्याभोवतीची जागा मोकळी झाली होती. टपरीवरच्या मुलीने झडप ओढून घेतली होती. बोटीवरची माणसं पलीकडच्या बाजूला गेल्यामुळे बोट कलली होती. कुत्रा रडत होता. यंत्र गप्प.

बोटीचा पहिला भोंगा झाला.

इर्मट्राउड कठडा सोडून निघाली. चाळीस वर्षांत तिला मी अशा चालीने चालताना पाहिलं नव्हतं. तिने कुत्र्याची दोरी हातात घेतली, त्याला घेऊन सरळ गर्दीत शिरली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "हे थांबायला हवं असेल त्यांनी इथे कार्ड लावा!"

टुंई! टुंई! टुंई, टुंई, टुंई! अहो, रांग लागली! योरानने पगार व्हायचा असूनही लावलं. बँकेतली ती हसरी बाई धावत येऊन लावून गेली. बोटीवरून कप्तान ओरडला, "मी खाली येऊ का, की कुत्र्याला वर पाठवता?"

टोरवाल्ड तोंडात पाव घेऊन धावत आला. यंत्र बघून त्याला ठसकाच लागला. त्याने आमची तिकिटं काढली आणि इर्मट्राउडचा हात धरून तिला फळीवर चढवलं.

"बाईसाहेब, पुन्हा जरूर या," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "तुम्ही नाही आलात तरी चालेल."

बेटावरच्या कॉफीच्या दुकानातही यंत्रच होतं, हे वेगळं सांगायला नको. मी तोंड पाडून परत आलो. दीपगृहाखालच्या खडकावर बसून इर्मट्राउडने पर्स उघडली आणि हॉटेलच्या न्याहारीतून हळूच उचललेली उकडलेली अंडी काढली, कागदाच्या रुमालात मिठासकट.

"कॉफी म्हणाला होतास," ती म्हणाली.

"हो."

"बस. मागच्या वेळी नाणी मोजत होतास. आज तुला मोजायला काही नाही."

वारा होता, ऊन होतं, आणि असं अंडं मी जन्मात खाल्लेलं नाही.

गावच्या स्टेशनावरून मी बॅगांसकट थेट 'सोनेरी बोकडा'त गेलो. टेबल भरलेलं होतं.

"काय भावोजी, बर्फाचं फावडं कुठलं घेताय?"

"इर्मट्राउड, सांग याला!"

"आपल्या कार्डाला हात लावला नाही," इर्मट्राउड शपथेवर म्हणाली. "खरंच नाही."

"मग बोटीचं तिकीट कशावर काढलंस, ताई?"

"याच्या कलेवर."

ऑटमारचा चेहरा बघण्यासारखा झाला! मी सगळ्यांना बिअर मागवली, सॉसेज मागवले, पुन्हा बिअर मागवली. शेवटी वाल्बुर्गा हिशेब घेऊन आली. मी ऐटीत शर्ट वर केला, पट्टा उघडला आणि नोटा टेबलावर पसरल्या.

वाल्बुर्गाने एक नोट उजेडासमोर धरली. "ही बाई कोण?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सगळे क्रोनर! घरात एक युरो शिल्लक नव्हता. "परवा बँक उघडली की बदलून..." मी म्हणायला लागलो. वाल्बुर्गाने नोट खाली ठेवली आणि एक अक्षर न बोलता भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं.

इर्मट्राउड शांतपणे उठली. पाटीपाशी गेली, खिळ्यावरचा अकॉर्डियन काढला आणि आणून माझ्या मांडीवर ठेवला.

माझा एक हात अजून अकॉर्डियनच्या पट्ट्यात जायचा होता, तेवढ्यात ऑटमारने सगळ्यांचं बिल भरलं. रोख!