चकतीची कड

ईश्वर दिवसाकाठी फार तर चार वाक्यं बोलायचे, आणि त्यातली दोन चहाबद्दल असायची. त्यामुळे मंगळवारी संध्याकाळी ते "मी बघतो" असं म्हणाले, तेव्हा घरात कुणी ते मनावर घेतलं नाही. घेतलं असतं तर पुढचं बरंच टळलं असतं.

झालं होतं असं. नात धम्मप्रिया, वय बारा, हिला चार वर्षांपासून साखरेचा आजार. आधी दिवसाला चार-पाच सुया टोचाव्या लागत. यंदा उन्हाळ्यात तिच्या कमरेला इन्सुलिनचा पंप आला. मोबाईलच्या निम्म्या आकाराची डबी, डबीतून निघालेली बारीक नळी, आणि नळीच्या टोकाला पोटावर चिकटवायची बिस्किटाएवढी गोल, पांढरी कापडी चकती. चकतीच्या मधोमध केसासारखी एक नळी सुईच्या आधारानं कातडीखाली जाते आणि औषध थेंबाथेंबानं आत जात राहतं. तीन दिवस झाले की नवी चकती. पोरगी मोकळी. (चकती चिकटून राहिली तर.)

ती चिकटून राहत नव्हती. सोलापूरचं ऊन ऑक्टोबरातही माघार घेत नाही, त्यात घाम, त्यात पोटावर खाज आणि लाल चट्टे. मंगळवारी खो-खोच्या सरावात चकती तिसऱ्यांदा सुटली. वेळेवर कुणाच्या लक्षात आलं नाही, साखर चढली, पोरीला उलट्या झाल्या आणि तिचा बाप नवनाथ टॉवेलच्या कारखान्यातून मशीन तसंच सोडून शाळेत धावला.

"शनिवारी कुंभारीला सामना हाय न्हवं? न्हाय जायचं," घरी आल्यावर नवनाथ म्हणाला. "आणि ही डबी पण ठेवून देऊ. सुई बरी. सुई गळून पडत न्हाय."

धम्मप्रियानं खो-खोचा पिवळा टी-शर्ट नीट घडी केला आणि कपाटात स्वेटरांच्या खाली नेऊन ठेवला. सोलापुरात स्वेटर म्हणजे वर्षातून आठ दिवसांचा पाहुणा. तेवढ्या खाली गेलेला कपडा पुन्हा वर येत नाही, हे ईश्वरना ठाऊक होतं. तेव्हा ते म्हणाले, "मी बघतो."

"तुमी काय बघणार, अण्णा?"

"चिकटवायचंच हाय न्हवं."

नवनाथनं हात जोडले. "बघा. जाऊ दे तिला शनिवारी. पण मैदानावर सुटली, तर या घरात पुन्यांदा खो-खोचं नाव न्हाय आणि पंपाचं पण न्हाय."

ईश्वरचं शिक्षण चौथीपर्यंत. पण चिकटवण्याच्या बाबतीत त्यांना कुणी शिकवावं अशी परिस्थिती नव्हती. चाळीस वर्षं त्यांनी शहरात पोस्टरं लावली होती. सिनेमाची, सर्कशीची, निवडणुकीची. नवी पेठेतली भिंत न् भिंत त्यांच्या तळहाताला ओळखत होती. त्यांनी लावलेलं पोस्टर निवडणूक हरलेल्या उमेदवारालाही काढता येत नसे, रात्रीतून बिचारा दोन-तीनदा येऊन नखानं खरवडून जाई. सगळी करामत खळीची. मैदा शिजवून केलेली खळ. तिच्यात पूर्वी ते मोरचूद घालत, कीड लागू नये म्हणून. या वेळी घातलं नाही. (एवढी अक्कल होती.)

दुसरी अक्कल अशी, की पोरीला काही लावायच्या आधी ते स्वतःला लावून बघायचं. गुरुवारी दुपारी त्यांच्या पत्नी केसरबाई भांडी घासत होत्या, तेव्हा ईश्वरनी फ्रिजवरचा डबा उघडला. आत दोनच चकत्या होत्या, पुढचं पार्सल सोमवारी येणार होतं. त्यांनी एक उचलली, पकडीनं सुई काढून टाकली, आणि चकतीच्या खाली, वर, चारी बाजूंनी कोमट खळ थापून ती स्वतःच्या बेंबीशेजारी बसवली. मग खळ वाळावी म्हणून अंगणातल्या लिंबाखाली बाजेवर उघड्या पोटानं पडले. ऊन-सावली छान होती. डोळा लागला.

थोड्या वेळानं पोटावरून काहीतरी ओलं आणि खरखरीत फिरलं. ईश्वर डोळे मिटूनच म्हणाले, "केसर, राहू दे. वाळल्यावर बघ."

"मी काय केलं?" केसरबाई आतून म्हणाल्या. "मी हितं मोरीत हाय."

ईश्वरनी डोळे उघडले. शेजारच्या तात्याबाची शेळी होती. पोस्टरवाल्याच्या धंद्यात शेळीइतका जुना वैरी नाही. खळ लावलेला कागद म्हणजे तिला पुरणपोळी. हे चाळीस वर्षं माहीत असलेला माणूस स्वतःच्या पोटाला खळ लावून उघड्यावर झोपला होता. त्यांनी पोट आत ओढलं. शेळीनं चकती ओढली. चकती खरोखर घट्ट बसली होती, त्यामुळे ती येताना पोटावरचे पिकलेले केस सोबत घेऊन आली.

"अहो, काय झालं?"

"काय न्हाय," ईश्वर म्हणाले, आणि धोतर सावरत शेळीमागे धावले.

तात्याबानं शेळीच्या तोंडातून अर्धी चकती काढून दिली. तो मुळीच घाबरला नव्हता. "तुझी पोस्टरं खाऊनच हिच्या चार पिढ्या वाढल्यात. हिला काय व्हतंय?"

शेळीला काही झालं नाही. पण डब्यात आता एकच चकती होती, आणि शनिवार परवावर आला होता.

नात शाळेतून आल्यावर ईश्वरनी तिला बाजेवर बसवलं आणि घसा साफ करून सगळं सांगितलं. त्यांच्या हिशेबानं ते आठवड्याभराचं बोलणं होतं. धम्मप्रिया ऐकत राहिली. शेळीपर्यंत आल्यावर तिनं ओढणीचा बोळा तोंडाला लावला.

"आजोबा, दाखवा की पोट."

त्यांनी दाखवलं. बेंबीशेजारी गोल, तांबडा, गुळगुळीत डाग.

"आता माझ्यासारखंच झालं," ती म्हणाली. मग कुडत्याची कड जरा वर करून तिनं आपलं पोट दाखवलं. "हे बघा. हितं, हितं, आणि हितं."

ईश्वरनी चष्मा लावला. ओल धरून पोपडे आलेली भिंत त्यांनी हजार वेळा पाहिली होती. तिच्यावर काहीही लावलं तरी गळतं, तिला महिनाभर मोकळं सोडावं लागतं. पोरीच्या पोटाची तीच गत होती. जागा बदलायची म्हणून बदललेली, पण पहिलीच्या बोटभर शेजारी. त्यांनी हलकेच बोट फिरवलं. बोट घसरलं. त्यांनी ते नाकाशी नेलं.

"केसर. पोरीच्या पोटाला त्याल कोण लावतंय?"

केसरबाई दारात आल्या. "मीच की. रोज रात्री. खाजवतंय तिला. काय करू मग, बघत बसू?"

"त्यालाच्या भिंतीवर पोस्टर टिकंल का?"

"माझी नात भिंत हाय का?" केसरबाईंचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. त्या जमिनीवर बसल्या. "म्हंजी माझ्यामुळं सुटत हुती?"

"आज्जी, मला बरं वाटायचं तेलानं," धम्मप्रिया म्हणाली आणि त्यांच्या मांडीला टेकली.

ईश्वरनी दवाखान्यातल्या सिस्टरला फोन लावला. सिस्टर पंप वापरायला शिकवायच्या, फार प्रेमळ बाई. तेलाचं ऐकून त्या 'अरे देवा' म्हणाल्या. चकती लावायची तिथं काहीच नको, ना तेल ना पावडर. साध्या पाण्यानं धुवायचं, कोरडं करायचं, आम्ही दिलेलं पुसायचं औषध लावायचं, ते पूर्ण वाळू द्यायचं, मगच चकती. पोटाला सुट्टी द्या, या वेळी दंडाच्या मागच्या बाजूला लावा. चट्टे उतरले नाहीत तर डॉक्टरांना दाखवा. आणि सामन्याला इन्सुलिनचं पेन सोबत ठेवा.

"आणि खळ?" ईश्वरनी विचारलं.

"कसली खळ?"

"मैद्याची. पोटाला लावली हुती. माझ्या."

"बाबा, तुम्हाला शुगर आहे?"

"न्हाय. शेळी हुती."

सिस्टर म्हणाल्या, "खळ नको."

शुक्रवारी संध्याकाळी जुनी चकती निघाली. नवनाथ नेहमी फर्रकन ओढायचा. ईश्वरनी कोमट पाण्याचा बोळा कडेला धरला आणि एकेक सूत सोडवत नेली. पाव तास लागला. पोरगी म्हणाली, "आजोबा, सुरू करा की," तेव्हा चकती निघालेली होती. मग दंड धुतला, पुसला, औषध लावलं. ते वाळेपर्यंत सगळे थांबले. नवनाथनं सुई टोचून चकती बसवली. आणि ईश्वरनी चकतीवर तळहात ठेवला, साठपर्यंत मोजलं, मग अंगठ्यानं सगळी कड दाबत नेली. कड सुटली की सगळं सुटतं, हे ते आयुष्यात शिकले होते.

शनिवारी नवनाथची पाळी होती, म्हणून कुंभारीला नातीसोबत ईश्वर गेले. सामन्याआधी धम्मप्रियानं पंप नळीसकट सोडवून त्यांच्या हातात दिला. दंडावर फक्त चकती राहिली. "आजोबा, डाव संपला की परत घेते. सांभाळा."

ईश्वरनी पंप रुमालात गुंडाळून छातीशी धरला आणि रेघेपासून लांब, मांडवाखाली बसले. बारा पोरी, बारा पिवळे टी-शर्ट, सगळ्यांच्या दोन वेण्या. पण त्यांना काळजी नव्हती. दंडावरची पांढरी चकती त्यांना तिथूनही दिसत होती. त्यांनी तिच्यावरची नजर हलवली नाही. ती उठली की ते उठत, ती खांबाला वळसा घालून वळली की ते बसल्या जागी वळत. शेजारच्या माणसानं दोनदा पाणी विचारलं, त्यांना ऐकू गेलं नाही.

आणि मग त्यांनी पाहिलं. कड सुटत होती. आधी नखाएवढी, मग बोटाएवढी, वाऱ्यानं फडफडायला लागली. नवनाथचे जोडलेले हात त्यांच्या डोळ्यांपुढे आले, आणि स्वेटरांखालचा टी-शर्ट.

डाव संपल्याची शिट्टी झाली. सत्तरीतला तो माणूस बगलेत पंप धरून मैदानात धावला, पोरींच्या घोळक्यात शिरला, दंड पकडला आणि कडेवर तळहात घट्ट दाबला. "हलू नको," ते धापा टाकत म्हणाले आणि मोजायला लागले.

पोरगी हलली नाही. मोठ्या माणसाचं ऐकणारी होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ओठ आत गेले. ईश्वर चाळिसाला आले तेव्हा ती अगदी हळू म्हणाली, "आजोबा, तितं लागलंय मला. काल पडले हुते."

"आजोबा," मागून आवाज आला, "पंप द्या की. आणि दाक्षायणीला सोडा."

ईश्वरनी वळून पाहिलं. धम्मप्रिया घामानं निथळत उभी होती. तिच्या दंडावर चकती होती. एक सूतही कड सुटलेली नव्हती. त्यांनी पंप दिला. तिनं नळी जोडली, खटकन आवाज ऐकला आणि तोंडभर हसली.

"मी चार गडी मारले, आजोबा. खांबापाशी तो शेवटचा बघितला का?"

ईश्वर आयुष्यात खोटं बोलले नव्हते. (शेळीच्या वेळी सोडून.) ते म्हणाले, "मी कड बघत हुतो."

"कुणाची?"

जखमेवरची सुटलेली पट्टी दाबत दाक्षायणीच म्हणाली, "माझी."