राजीखुशीचा झरा

सोनुबाईची संमती खरी आहे याबद्दल कंपनीला कधीच शंका नव्हती. ती फक्त व्हिडिओत दिसत नव्हती.

कशेळ्याच्या वरच्या वाडीत सोनुबाईच्या नावावर जमिनीचा एक तुकडा होता आणि त्यात झरा. अख्खी वाडी तेच पाणी पीत असे. कंपनीला तो सुट्टीच्या बंगल्यांसाठी हवा होता. करार राजीखुशीने व्हावा म्हणून म्हातारीला सकाळीच जीपमध्ये घालून कर्जतच्या कचेरीत आणले. चित्रीकरणाला समीक्षा होती. नुकतीच रसायनशास्त्र शिकून नोकरीला लागलेली, कामात चोख.

"आजी, कॅमेऱ्याकडं बघा आणि बोला, माझ्यावर दबाव नाही," व्यवस्थापक राजेश म्हणाला.

"दबाव नाय. म्हनून तर देत नाय रं."

यातले पहिले वाक्य उपयोगी होते. मोकळ्या मनाने होकार येईपर्यंत जीप परत जाणार नाही, असे राजेशने प्रेमाने समजावले. नकारही मोकळ्या मनाचा असू शकतो ना, असे समीक्षाने विचारून पाहिले. त्यावर राजेश म्हणाला की नकारामागे वाडीचा दबाव असू शकतो, म्हणून तो तपासावा लागतो. होकाराचे तसे नसते.

मग डॉक्टर आले. वार, महिना, गाव, सारे सोनुबाईने बरोबर सांगितले आणि ती शहाणी ठरली. शहाणी ठरताच तिने पुन्हा नकार दिला. कंपनी देते एवढा पैसा शहाणा माणूस सोडत नाही, म्हणून डॉक्टरांनी प्रमाणपत्र सुधारले: 'एरवी वेडसर, होकार देतेवेळी पूर्ण शहाणी.' अशा माणसाला कायद्याने करार करता येतो. आता शहाणपणाचा तेवढा क्षण टिपायचा होता.

दुपार टळली. म्हातारीचे ओठ सुकले.

"आजी, पाणी हवंय का?" समीक्षाने कॅमेऱ्यामागून विचारले.

सोनुबाईने मान डोलावली.

राजेशने व्हिडिओचा तेवढाच तुकडा ठेवला, आवाज पुसून.

"सर, मी पाण्याचं विचारलं होतं."

"करारही पाण्याचाच आहे. सायन्सची ना गं तू? मान हलली की नाही, तेवढं सांग."

हलली होती. समीक्षाने साक्षीदार म्हणून सही केली. सोनुबाईला सीलबंद बाटली मिळाली.

आता त्या झऱ्याकाठी शनिवार-रविवार राहता येते. फोनवर खोली घेताना एका चौकोनात खूण करावी लागते: सर्व अटी वाचल्या, मान्य आहेत. झरा राजीखुशीने मिळाला आहे, हेही त्या अटींत लिहिले आहे. आपण खूण करतो, न वाचता. आपल्यासाठी डॉक्टर बोलवावे लागत नाहीत. प्रमाणपत्र तयारच असते: 'एरवी पूर्ण शहाणे, होकार देतेवेळी नाही.'