धक्का मारून सुरू केलेली विजेची बस

सव्वीस वर्षं डिझेलची बस हाकलेल्या माणसाला विजेची बस कुणी शिकवायची, असा उस्तादांचा रोकडा सवाल होता. डेपोतले सगळे त्यांना उस्तादच म्हणत. बस बनवणाऱ्या कंपनीचा प्रशिक्षक दोन दिवस आला, तेव्हा उस्तादांनी हजेरीपटावर सही ठोकली आणि सरळ कँटीन गाठलं. "स्टिअरिंग गोलच आहे ना? मग त्यात शिकायचं काय?" ते म्हणाले.

डेपोचं नशीब मात्र त्यांच्याच फेरीवर टांगलेलं होतं. प्रादेशिक कार्यालय धूर न सोडणाऱ्या बारा बस देणार होतं. चाचणी फेरी नीट झाली तर या डेपोला, नाही तर नदीपलीकडच्या. जुन्या गाड्या भंगारात निघणारच होत्या, त्यामुळे नव्या हुकल्या की डेपोला टाळं लागणार हे सगळ्यांना ठाऊक होतं.

फेरीच्या सकाळी प्रादेशिक अधिकारी बाई कडक इस्त्रीच्या कपड्यांत पहिल्या सीटवर बसल्या. मागे मॅनेजर, चार मेकॅनिक आणि कँटीनच्या मावशी. उस्तादांनी बटण दाबलं. आवाज नाही! हिरवा दिवा लागला होता, पण उस्तादांचा भरवसा दिव्यांवर नव्हता, कानांवर होता.

"उतरा सगळे. धक्का मारावा लागेल."

या डेपोत रोज सकाळी दोन-तीन गाड्या ढकलूनच सुरू व्हायच्या आणि गाडी सुरू झाली की धावत मागच्या दाराने चढायचं, अशी रीत होती. त्यामुळे कुणी 'का' म्हणून विचारलं नाही.

"बाई, तुम्ही मधे या. तिथे हाताला पकड मिळते," मावशी म्हणाल्या. बाईंनी फाईल बगलेत मारली आणि जोर लावला.

बस वीतभर हलली. उस्तादांनी सवयीने गिअर टाकला, पाय दाबला आणि बस दूध पिऊन सटकणाऱ्या मांजरीसारखी निघून गेली. मागे सातही जण एकमेकांवर आडवे झाले.

उस्तादांना वाटलं, चढले सगळे. गाडी चालवताना मागे बघायचं नाही हा त्यांचा बाणा. "बघा बाई, चढावरसुद्धा खोकत नाही," ते सांगत होते. अठरा थांबे त्यांनी गाडीचं कौतुक केलं आणि बाई सगळं निमूट ऐकून घेताहेत म्हणून त्यांची छाती अभिमानाने फुगत गेली.

डेपोत शिरताना फाटकाशी बाई उभ्या दिसल्या. गुडघ्यांना माती लागली होती.

"मॅडम, तुम्ही कधी उतरलात?"

"तुम्ही उतरवलंत तेव्हाच."

मॅनेजरांनी डोळे मिटून घेतले.

बाईंनी गुडघे झटकले. "एका हाकेसरशी मॅनेजरपासून मावशींपर्यंत सगळे गाडीला हात लावतात, असा डेपो मी पाहिला नाही. बारा बस इथेच येतील. फक्त आधी प्रशिक्षण."

त्या दिवशी उस्ताद घरी आले ते मान ताठ ठेवूनच. डेपो वाचला होता आणि तो आपण वाचवला, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

"प्रशिक्षणाच्या यादीत माझं नाव पहिलं," त्यांनी बायकोला सांगितलं. "बाईंनी स्वतःच्या हाताने लिहिलं, खाली दोन रेघासुद्धा मारल्या."

"शिकवायला की शिकायला?"

उस्ताद बुटांच्या नाड्या सोडायला वाकले. "इतकं बारीक कोण वाचत बसतं," ते म्हणाले.