शिंपीकाका अजून जन्मायचे आहेत

नागरी नोंदणी कार्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, खोली क्रमांक चौदामध्ये, एक संगणक एका डेटाबेसशी जोडायचा होता. सोबतच्या पुस्तिकेत हे काम पाच मिनिटांचे असल्याचे म्हटले होते. पुस्तिका लिहिणाऱ्याने हे कार्यालय पाहिलेले नव्हते, तेव्हा त्या बिचाऱ्याला बोल लावण्यात अर्थ नाही.

संगणक दुरुस्तीताईंचा. नोंदींतल्या चुका दुरुस्त करण्याचे काम त्यांच्याकडे बावीस वर्षे होते, म्हणून सगळे त्यांना याच नावाने हाक मारत. जुनी पद्धत बंद होऊन आता नवे सॉफ्टवेअर आले होते. त्यात सगळ्या नोंदी तक्त्यासारख्या समोर दिसणार, चुकीच्या घरावर क्लिक करायचे, बरोबर मजकूर लिहायचा आणि जतन करायचे. फक्त त्याआधी एका चौकटीत पाच गोष्टी भरायच्या होत्या: सर्व्हरचा पत्ता, पोर्ट, डेटाबेसचे नाव, वापरकर्ता आणि पासवर्ड. खाली एक हिरवे बटण होते, ‘जोडणी तपासा’.

बाहेरच्या बाकावर शिंपीकाका बसले होते. वय अठ्ठ्याहत्तर, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. साठ वर्षे मशीन चालवलेल्या या माणसाला आता सुईत दोरा ओवायला शेजारणीला हाक मारावी लागे, आणि त्याची त्यांना भारी लाज वाटे. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर सहा महिन्यांतून एकदाच येत. पुढची तारीख दोन महिन्यांवर होती आणि ती हुकली तर डावा डोळा हातचा जाईल, असे त्यांनी स्वच्छ सांगितले होते.

घोडे अडले होते ते रुग्णालयाच्या खिडकीवर. रुग्णालय वय बघे ते नागरी नोंदणीतून, आणि या कार्यालयाच्या अर्जात जन्मवर्षासाठी दोनच घरे होती. काकांनी त्यात ४७ लिहिले, आणि संगणकाने, तो मुळातच आशावादी असल्याने, ते येणारे सत्तेचाळीस धरले. खिडकीवरचा लिपिक नवा होता. नवा असल्यामुळे तो पडद्यावरच्या सूचना वाचत असे.

“काका, तुमचं वय उणे एकवीस दाखवतंय,” तो म्हणाला होता. “तुम्ही अजून जन्मायचे आहात. न जन्मलेल्याचं ऑपरेशन कसं करणार?”

“अहो, मी समोर उभा आहे की!”

“ते मला दिसतंय. पण तशी नोंद नाही.”

दुरुस्तीताईंना हे ऐकून हसू आले आणि मग वाईटही वाटले. “काका, दोन आकड्यांचं तर काम,” त्या म्हणाल्या. “जोडणी होऊ दे, चुटकीसरशी करून देते.”

सर्व्हरचा पत्ता संगणक कक्षाकडे होता. तिथे काचेमागे एक गृहस्थ बसत आणि काचेला बोलण्यापुरते भोक ठेवलेले होते.

“पत्ता गोपनीय आहे,” काचेमागचे म्हणाले.

“पण पत्त्याशिवाय मी जोडू कशाशी?”

“रीतसर अर्ज करा. कोणत्या पत्त्यासाठी परवानगी हवी आहे, तो पत्ता अर्जात स्पष्ट लिहा.”

ताईंनी कपाळावर हात मारला. आठवडाभर त्या या भोकाशी हुज्जत घालत होत्या. शेवटी जिन्यातल्या सूचनाफलकावर त्यांना एक परिपत्रक दिसले: ‘सर्व्हरचा खालील पत्ता कोणत्याही परिस्थितीत कोणालाही सांगू नये.’ खाली पत्ता ठळक अक्षरांत होता, कारण नेमके काय सांगायचे नाही हे कर्मचाऱ्यांना माहीत असणे आवश्यक होते. डेटाबेसचे नावही त्यातच होते.

मग पोर्ट. पोर्ट म्हणजे सर्व्हरचे दार, आणि दार उघडायला समिती होती. तिच्या तीन सदस्यांपैकी एक निवृत्त झाले होते, दुसरे तिसऱ्याच्या सहीनंतरच सही करत आणि तिसरे दुसऱ्याच्या. ताईंनी दोघांना एकाच टेबलाशी बसवून, एक-दोन-तीन म्हणत, एका वेळी सह्या करायला लावल्या. दार उघडले, पण फक्त ताईंच्या संगणकाच्या क्रमांकासाठी. तो क्रमांक संगणक बंद करून चालू केला की बदलत असे. हा दुष्काळातला तेरावा महिना. दुसऱ्या दिवशी पुन्हा समिती, पुन्हा एक-दोन-तीन, आणि त्यानंतर ताईंनी संगणकावर ‘बंद करू नये, आतून दार उघडे आहे’ असा कागद चिकटवला. सफाईवाल्या मावशींनी तो वाचून त्या खोलीत यायचेच सोडले.

वापरकर्त्याचे नाव लगेच मिळाले. राहिला पासवर्ड. सुरक्षेसाठी त्याची मुदत तीस दिवस होती. तो तयार होऊन, नोंदला जाऊन, बंद पाकिटातून टेबलावर यायला चौतीस दिवस लागत. ताईंना आला तोही मेलेलाच आला.

“सगळ्यांना असेच येतात,” काचेमागचे समजुतीने म्हणाले. “म्हणून तर आजवर एकही चोरी झालेली नाही.”

शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशी होती. काका बाकावरून उठून खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. ताईंचा चेहरा त्यांना दिसत नव्हता, म्हणून ते आवाजाची वाट बघत होते. ताईंना ते बघवेना. त्या तडक साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या.

साहेबांनी तक्रार ऐकली नाही, पण ‘जोडणी’ हा शब्द ऐकला. वार्षिक अहवालात ‘नव्या जोडण्या, उद्दिष्ट एक’ असा रकाना होता आणि तो रिकामा होता. त्यांनी टेबलावरच्या काचेखाली बोट दाखवले. तिथे त्यांचे वापरकर्ता-नाव आणि पासवर्ड चिठ्ठीवर लिहिलेले होते. साहेबांच्या पासवर्डला मुदत नसे.

ताईंनी हिरवे बटण दाबले. ‘जोडणी यशस्वी.’ गंगेत घोडे न्हाले. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून सगळ्यांनी वाजवल्या. संगणकाचा फोटो निघाला, त्यात ताईंचा खांदा आला.

ताईंनी काकांची ओळ शोधली, २०४७ खोडले, १९४७ लिहिले आणि जतन केले. पडद्यावर आले: ‘या वापरकर्त्यास केवळ पाहण्याचा अधिकार आहे.’ एवढ्या मोठ्या पदावरच्या माणसाने स्वतः काही करावे अशी अपेक्षाच नव्हती.

“साहेब, यात बदल करता येत नाही!”

“बदल कशाला? उद्दिष्ट जोडणीचं होतं. झालं ना ते?”

आता फक्त पाहणेच हातात होते, म्हणून ताई पाहत बसल्या. काकांची ओळ त्यांनी उजवीकडे सरकवत नेली. शेवटच्या तीन रकान्यांत लिहिले होते: ‘इशारा: जन्मतारीख भविष्यातील आहे. तरीही पुढे जायचे?’ ‘उत्तर: होय.’ ‘उत्तर देणारे: दुरुस्ती लिपिक, खोली १४.’

ताईंना ही नोंद हाताखालून गेली तो दिवस आठवला. तीनशे अर्ज होते, तीनशे वेळा काहीतरी चौकट आली होती आणि तीनशे वेळा त्यांनी ती माशी हाकलावी तशी हाकलली होती. बावीस वर्षे दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त करणाऱ्या बाईला आपली पहिली चूक सापडली होती आणि ती दुरुस्त करायचा अधिकार तिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्या काकांचा हात धरून रुग्णालयाच्या खिडकीशी गेल्या. काय बोलायचे ते रात्रभर घोकले होते. वेळ पडली तर पाया पडायचीही तयारी होती. लिपिक तोच होता, पण मधल्या दोन महिन्यांत तो अनुभवी झाला होता. त्याने कार्ड घेतले, पडद्यावर लाल चौकट आली, त्याने ‘होय’ दाबले. दुसरी आली, ‘होय’. तिसरी, ‘होय’. ताईंनी तोंड उघडायच्या आत त्याने कागद काढून पुढे सरकवला आणि म्हणाला, “इथे सही. पुढचा कोण?”

पट्टी निघाली त्या दिवशी ताई काकांना भेटायला गेल्या. काका खिडकीपाशी बसून तोच कागद वाचत होते, अगदी बारीक अक्षरांसकट. साठ वर्षांच्या टाक्यांची सवय असलेला माणूस. एकही ओळ सुटत नव्हती.

“ताई, यात माझं वय उणे एकवीस आहे,” ते म्हणाले. “आणि पालकांची संमती, होय. माझे आई-वडील येऊन गेले कधी?”

ताईंनी मान खाली घातली. “काका, ती मूळ चूक माझीच. मी न वाचता पुढे गेले.”

काकांनी कागद उलटा करून मागच्या सह्या मोजल्या. तपासले, तपासले, पडताळले, मंजूर. अकरा सह्या होत्या.

“म्हणजे वाचला तो मीच पहिला,” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, खरीखुरी काळजी होती. “तुम्हा सगळ्यांचे डोळे तर चांगले आहेत ना हो?”

ताईंच्या मोबाइलवर तेवढ्यात ‘नव्या अटी मान्य आहेत?’ अशी चौकट आली होती आणि त्यांचा अंगठा सवयीने ‘होय’वर जाऊनही आला होता. तुमचा जातो तसाच.