पगारेकाका गाडी ऐकतात

आमचे शेजारी पगारेकाका कुठलीही वस्तू घेण्याआधी तिला कान लावतात. नारळ सगळेच वाजवून घेतात, त्यात काही विशेष नाही. पण काका पंखा ऐकतात, मिक्सर ऐकतात, भाच्यासाठी मुलगी बघायला गेले तर तिथला पाण्याचा पंप ऐकून येतात. खिशात वीतभर लांबीचा स्क्रूड्रायव्हर कायम असतो. त्याचं टोक यंत्राला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. मग निकाल. "पास" किंवा "रिजेक्ट". फारच दया आली तर "रिवर्क".

सातपूरच्या एका कारखान्यात त्यांनी चौतीस वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून काढली. त्यांच्या सहीशिवाय तिथून साधा बोल्ट बाहेर पडत नसे. निवृत्त झाल्यावर कारखाना सुटला, पण इन्स्पेक्शन काही सुटलं नाही. आमच्याकडे पहिल्यांदा चहाला आले तेव्हा दारात "जयभीम, सर" म्हणाले आणि पुढचं वाक्य, "तुमच्या फ्रीजला दमा आहे." पंधरा दिवसांत फ्रीज गेला. तेव्हापासून मी त्यांना जरा वचकून असतो.

अशा माणसाने एके दिवशी मला फाटकाशी गाठलं. "सर, गाडी घ्यायची म्हणतोय. परदेशी कंपनीची, मोठी. जुनी."

काकांना गाडी चालवता येत नाही. आधी सायकल आणि मग स्कूटर, यापलीकडे त्यांची मजल गेली नव्हती.

"पण काका, चालवणार कोण?"

"तुम्ही. रविवारी तुम्हाला काय काम असतं?"

मी कॉलेजात शिकवतो. त्यामुळे मला एकूणच काम नसतं, असं आमच्या कॉलनीचं मत आहे.

गाडीचं कारण मात्र मला ठाऊक होतं, आणि ते चेष्टेचं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी शालिनीकाकू मोरीत पाय घसरून पडल्या. पाठीचं ऑपरेशन झालं, मणक्यात स्क्रू बसले. आता त्या घरात चालतात, मागे उशी लावून उंच खुर्चीत बसतात. पण गचका सोसत नाही. तपासणीला रिक्षाने नेलं की जाता-येता पदर दातात धरून बसतात. दवाखाना सोडला तर दोन वर्षांत त्या फाटकाबाहेर पडलेल्या नाहीत.

काकूंची एकुलती एक धाकटी बहीण, सुमनमावशी, चांदवडच्या पलीकडे एका खेड्यात राहते. तिलाच इकडे आणावं, तर तिची वेगळीच तऱ्हा. तिला गाडी लागते. एसटी, जीप, रिक्षा, काहीही असो. स्वतःच्या लग्नात सासरी जाताना तिने नवरदेवाचा फेटा खराब केला होता, हे काकू अजून रंगवून सांगतात. काकूंच्या ऑपरेशनच्या वेळी बिचारी निघाली होती. पिंपळगावपर्यंत कशीबशी पोचली, तिथे रस्त्याच्या कडेला आडवी झाली आणि परत गेली. तेव्हापासून दोघी बहिणी रोज चार वाजता फोनवर बोलतात, आणि फोन ठेवल्यावर काकू बराच वेळ गप्प असतात. ते गप्प बसणं काका ऐकत होते. काकूंना गचका न बसता बहिणीच्या दारात नेऊन उतरवेल अशी गाडी त्यांना हवी होती.

गाडीची परीक्षा त्यांनी स्वतःच ठरवली. स्टीलची एक वाटी काठोकाठ पाण्याने भरायची, मागच्या सीटवर मांडीवर धरून बसायचं आणि गाडी मी स्पीडब्रेकरवरून न्यायची. किती थेंब सांडले ते वहीत मांडायचं. आम्ही एका शोरूममध्ये नवी छोटी गाडी पाहायला गेलो. विकणारा मुलगा मायलेज सांगत होता, रंग दाखवत होता, काका म्हणाले, "ते राहू द्या, वाटीभर पाणी आणा." अकरा थेंब. रिजेक्ट. नंतर एक उंच जीपगाडी पाहिली. तिने पहिल्याच खड्ड्यात सगळी वाटी काकांच्या पँटवर रिकामी केली. ओल्या पँटने काका शोरूमभर फिरले आणि मॅनेजरला म्हणाले, "मागचे शॉकर कडक आहेत. वर कळवा."

पाचव्या रविवारी दिंडोरीच्या एका द्राक्षबागायतदाराकडे ती गाडी सापडली. लांबलचक, काळी, बसलं की आत बुडून जावं अशा गाद्या. मीटरवर दोन लाख अठरा हजार किलोमीटर. मी तो आकडा पाहिला आणि काकांचा दंड धरला.

"काका, ही गाडी चार वेळा निवृत्त व्हायला हवी होती."

मालक कैलासदादा बागेतून हात पुसत आले. "काका, लय लाडात वापरलीय बघा. मुंबईला मालाच्या कामाला हीच. इंजनाला हात नाय लावला अजून."

काकांनी स्क्रूड्रायव्हर काढला. पाऊण तास ते गाडीभोवती फिरून ऐकत होते. कैलासदादा आधी हसले, मग हळूच मला म्हणाले, "डाक्टर हाय का हे?"

"डावीकडचा मागचा शॉकर उसासे टाकतोय," काका म्हणाले. "एसीचं बेअरिंग बडबड करतंय. बाकी तब्येत खणखणीत."

मग वाटी. दिंडोरी रोडचे सगळे स्पीडब्रेकर, एक खोदलेला पॅच आणि मुद्दाम घातलेलं एक खडीचं वळण. मी आरशात पाहिलं तर काका डोळे मिटून बसलेले. एकच थेंब सांडला होता, आणि तोही माझ्या क्लचमुळे, असं वहीत नोंदलं गेलं. खरं तर त्या गाडीला क्लच नव्हताच. पण काकांशी वाद कोण घालणार?

तरी निर्णय होईना. पुण्याहून त्यांच्या अमोलने फोनवर डोकं धरलं. "बाबा, हा पांढरा हत्ती आहे. एक पार्ट गेला की तुमची सगळी पुंजी जाईल. एवढी चाललेली गाडी कोणी घेतं का?"

"जी मशीन दोन लाख चालली, तिचे सगळे रोग दाखवून झालेत," काका म्हणाले. "नवी मशीन अजून खोटं बोलत असते."

बोलले खरे, पण पुढचे तीन आठवडे ते रोज संध्याकाळी माझ्याकडे येऊन वही उघडत आणि मिटत. मी एकदा सुचवलं, "काकूंना एकदा बसवून तर बघा." काका दुखावले. "सर, फायनल इन्स्पेक्शनआधी माल गिऱ्हाइकाला दाखवायचा नसतो." चौतीस वर्षांचा नियम तो. मी पुढे आग्रह धरला नाही, आणि अजून मला त्याची चुटपुट लागते.

अखेर एका रविवारी कैलासदादा स्वतः गाडी घेऊन कॉलनीत आले. शॉकर बदललेला, गाडी धुतलेली. काकूंनी ठेवणीतली जांभळी साडी नेसली होती. काकांनी मागचं दार उघडलं आणि एखाद्या दरबाराचं उघडावं तसं धरून उभे राहिले.

काकूंनी दाराला हात धरला, पाय आत टाकला आणि वाकायला गेल्या. गाडी फार खाली होती. त्या गाद्यांची मऊ गंमत सगळी खालीच होती, आणि काकूंची पाठ तेवढी वाकत नाही. एकदा प्रयत्न केला. दुसऱ्यांदा अर्ध्यातच "आई गं" झालं. आम्ही तिघांनी धरून त्यांना बाहेर घेतलं.

काकांनी गाडीतलं सगळं मोजलं होतं. सीट जमिनीपासून किती उंच आहे, तेवढं मोजलं नव्हतं.

काकूच आधी बोलल्या. टपावर हात फिरवत म्हणाल्या, "छान आहे हो गाडी. माझं मीटर आधी बघायचं ना. मलाच रिजेक्ट केलं असतंत."

कैलासदादा हसले, मीही हसलो. काका हसले नाहीत. "माझी चूक," एवढंच म्हणाले, आणि आत गेले. गाडी परत दिंडोरीला गेली. त्यानंतर दोन दिवस काकांनी कशालाही कान लावला नाही. वरच्या मजल्याच्या पंपाचं बेअरिंग किंचाळत होतं, तरी ते व्हरांड्यात नुसते बसून होते. मला फार वाईट वाटलं.

तिसऱ्या दिवशी चार वाजता ते धावतच माझ्याकडे आले. पायात चप्पल नव्हती. "सर, ड्रॉइंग चुकीचं वाचलं मी! पार्ट चांगला आहे, आपण चुकीच्या जागी बसवत होतो."

"म्हणजे?"

"शालिनी फोनवर बोलत होती. सुमन म्हणाली, पोटातलं पाणी हललं नाही तर मी आत्ता येते. पोटातलं पाणी, सर! आपण महिनाभर दुसरं काय मोजलं?"

त्याच संध्याकाळी त्यांनी कैलासदादांना होकार कळवला.

पुढच्या रविवारी आम्ही चांदवडकडे निघालो. परतीच्या वाटेवर मागे सुमनमावशी. हातात लिंबू, कानात कापूस, डोळे घट्ट मिटलेले, मांडीवर एक प्लास्टिकची पिशवी तयार. गावापासून हायवेपर्यंतचे सहा किलोमीटर म्हणजे नुसते खड्डे. काका पुढे वाटी धरून बसले होते आणि दर खड्ड्याला "हळू, सर, हळू" करत होते. चांदवड गेलं. वडाळीभोई गेलं.

बऱ्याच वेळाने मागून आवाज आला. "दाजी, पिंपळगाव आलं का वं?"

"गेलं," काका म्हणाले.

"गेलं?" मावशीने डोळे उघडले. खिडकीबाहेर पाहिलं, पिशवीकडे पाहिलं, लिंबाकडे पाहिलं. "मंग काहीतरी खायला घ्या की. लय भूक लागली."

ओझरला थांबून तिने दोन प्लेट भजी खाल्ली. काका हातातली वाटी विसरून तिच्या तोंडाकडे बघत राहिले, आणि सगळं पाणी त्यांच्याच शर्टावर सांडलं. ते मात्र वहीत नोंदलेलं नाही.

घरी पोचलो तेव्हा काकू दारातच उंच खुर्ची टाकून बसल्या होत्या. "सुमे!" "अक्के!" एवढं झालं आणि मग दोघी नुसत्या एकमेकींचे हात चाचपत होत्या. आम्ही सामान आत ठेवलं. मी घरी जाऊन तोंड धुऊन आलो तर चहा तयार, पण काकांचा पत्ता नाही.

ते बाहेर गाडीत होते. मागच्या सीटवर, काचा खाली करून. स्क्रूड्रायव्हर खिशातच होता.

"काका, चहा झालाय."

त्यांनी बोट ओठांवर ठेवलं. समोर हॉलची खिडकी उघडी होती. आतून फेट्याची गोष्ट ऐकू येत होती, कितव्यांदा कोण जाणे, आणि काकू हसत होत्या. इतकं मोठ्याने हसताना मी त्यांना दोन वर्षांत ऐकलं नव्हतं.

"दुखतंय तिला हसताना," काका हळूच म्हणाले. "मध्येच श्वास अडकतो, ऐका. म्हणून ती हसायचंच टाळायची. मी रोज ऐकायचो, सर. घरात काही आवाजच नसायचा." "आज दुखतंय, तरी थांबत नाहीये."

मी म्हटलं, "मग आत चला की."

"नको. मी गेलो की पदर सावरेल आणि गप्प होईल. चालू मशीनला हात लावायचा नसतो."

मी दार उघडून त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. आत चहा निवत होता. काकांनी डोळे मिटले होते, आणि मीही मग ऐकत बसलो.