स्टॉप यायच्या आधीच उतरलेल्या कळ्या

थांबा, हातातलं सगळं सोडा, हे आधी ऐका. आत्ता सांगितलं न्हाई तर माझं डोकं फुटंल!

आमच्या शेजारचे भानुदासकाका आज सकाळी ताट घेऊन दारात उभे. मला वाटलं प्रसाद. कुठला प्रसाद! ताटात गळालेल्या जास्वंदीच्या कळ्या. न उमललेल्या, देठासकट. "बघ, वळख पटती का," म्हणाले. जणू मी खूनच केलाय!

काका एसटीत कंडक्टर होते. रिटायर झालेत, पण गाडीतून अजून उतरलेले न्हाईत. गल्लीत दोघी बोलत दिसल्या की, "पुढं सरका, पुढं लई जागा हाय!" लग्न केलं न्हाई. कुणी विचारलंच तर, "गाडी फुल होती." विषय संपला. दारात अर्ध्या कापलेल्या ड्रममधी एक जास्वंद. दोन महिने झाले, तिच्या कळ्या उमलायच्या आधीच गळायल्यात, अन् काका बिनतिकिटाचं माणूस धरल्यासारखं गल्लीतल्या एकेकाला धरायलेत.

"कावून गळायल्यात? कावून? स्टॉप यायच्या आधीच उतरायल्यात समद्या!"

पहिला आरोप आईच्या ठेच्यावर. तव्यावर मिरची भाजली की झाडाला ठसका लागतो म्हणे! मग समोरच्या मावशीची नजर. आज माझा नंबर. मी गच्चीवर फोनवर बोलते, त्या लहरी थेट देठाला लागतात! अहो, मी ॲग्रीच्या दुसऱ्या वर्षाला हाय. झाडं मारायचं शिक्षण घेते का मी?

ताट हिसकावलं अन् तशीच त्यांच्या दारात गेले. आज नळाचा दिवस. आमच्याकडं आठ दिवसांनी येतो, त्यात काय नवं न्हाई. माझ्या डोळ्यादेखत काकांनी जास्वंदीत एक बादली ओतली. मग दुसरी. मग तिसरी! ड्रममधून चिखल बाहेर.

"काका, काल पाणी घातलतं का?"

"काल नळ कुठं होता?"

"परवा?"

"अगं, आपण टाकी भरून ठिवतो, तसं तिलाबी भरून ठिवतो. आठ दिवसाचं एकदम!"

असली सणक गेली डोक्यात! "ती टाकी हाय का काका? तुमाला आठ दिवस उपाशी ठेवलं अन् नवव्या दिवशी पातेलंभर बासुंदी पाजली तर काय व्हईल? माती वाळू लागली की तांब्याभर घाला, बास! तुमीच मारायलात तिला, अन् ताट घेऊन गल्लीभर फिरायलात!"

काकांनी रिकामी बादली खाली ठेवली.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. ऐकायला कमी येतं, म्हणून कायम स्पीकरवर.

"दादा, संगीता बोलते. माझी जास्वंद कशी हाय?"

माझी? मला तर झाड काकांचंच वाटायचं! संगीताताई मागच्या पत्र्याच्या घरातली. दिवाळीआधी नवऱ्यासंगं ऊस तोडायला गेलेली.

काकांनी त्या बोडक्या झाडाकडं बघितलं. "लई भारी हाय! दार लालभडक झालंय. तू येस्तोवर एकालाबी फूल तोडू देत न्हाई मी."

"तुमच्यावर टाकलं म्हणून मी बिनघोर हाय, दादा. फोटो टाका की एक."

काकांनी फोन छातीला दाबून धरला. माझ्याकडं बघेनात. हळूच म्हणाले, "एवढ्या मोठ्या केज गावात मला दादा म्हणणारी ही एकटीच हाय गं."

सकाळचे अकरा. ऊन रणरणतंय. मी फोन घेतला अन् तोंडातून काय निघावं?

"ताई, मी शेजारची रेश्मा. फोटो उद्या टाकते. आज आभाळ आलंय, फुलं नीट दिसंना गेलीत."

राग गेला न्हाई हां माझा! ठेच्याबद्दल त्या माणसानं अजून आईची माफी मागितली न्हाई. वर उद्या फोटोपुरतं जास्वंदीचं फूल कुठून आणायचं, हे पण माझ्याच गळ्यात.

तुमचं झालंय का कधी असं? भांडायला म्हणून तावातावानं गेलात, अन् त्याच माणसासाठी खोटं बोलून आलात?